कोकण आणि जुन्या मराठी चित्रपटांतील स्त्री

कोकणातली माणसे, तिथले साहित्य आणि तिथला मुलूख यांच्याशी नाते असलेल्या स्त्रीप्रतिमा जुन्या मराठी चित्रपटांत वेगवेगळ्या वाटांनी आल्या. काळ साधारण १९३० ते १९८०. डोईवर पाटी घेतलेली ठसकेबाज कोळीण सर्वांना आठवते, पण ती बहुतेकदा एका गाण्यापुरती येते आणि जाते. खरा ऐवज दापोली तालुक्यात आणि तळकोकणात आहे.

दापोलीजवळचे पालगड हे साने गुरुजींचे गाव (जन्म १८९९). नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली त्यांनी आईच्या आठवणी लिहिल्या आणि त्यांवर आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये ‘श्यामची आई’ काढला. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. वनमाला यांनी उभी केलेली ही आई पुढे मराठी घराघरांत आदर्श आई ठरली: सोशीक, गरिबीतही नेटकी, स्वतःसाठी काही न मागणारी. स्त्रीवादी वाचनाचा आक्षेप नेमका या सोशिकतेच्या गौरवावर आहे. आक्षेप रास्त आहे, तरी अपुरा वाटतो. पोहायला घाबरून लपलेल्या मुलाला शिंपटीने फोडून काढणारी आणि सावकाराच्या माणसाने अभद्र बोलताच त्याला ओटीवरून चालते व्हा म्हणणारी बाईही पुस्तकात तीच आहे. लोकांनी मात्र तिचे अश्रू तेवढे लक्षात ठेवले.

याच तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केले, तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकले. त्यांचे थोरले चिरंजीव र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचा प्रचार आरंभला. कर्व्यांचे नातलग रँग्लर र. पु. परांजपे हे शेजारच्या मुर्डीचे. त्यांची कन्या शकुंतला परांजपे व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’त (१९३७) दिसते. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरच्या या चित्रपटात फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा (शांता आपटे) त्याला नवरा मानायलाच नकार देते. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने झोडपते. वकिलाची समाजकार्य करणारी लेक बापाची नव्हे, या सावत्र आईची बाजू घेते. ही भूमिका शकुंतलाबाईंची. पुढे त्यांनी प्रत्यक्षातही कुटुंबनियोजनाचेच काम केले आणि १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. सोसणारी आई आणि नाही म्हणणाऱ्या नीरेची पाठराखीण, दोघींची मुळे एकाच तालुक्यात सापडतात ती अशी.

तळकोकण आणि त्याला लागून असलेल्या गोव्याच्या हद्दीतून पडद्यावर आली ती नटी. योगायोग असा की यातल्या दोघींचे मूळ नाव रतन. रतन पेडणेकर म्हणजे मीनाक्षी शिरोडकर. मास्टर विनायक यांच्या ‘ब्रह्मचारी’त (१९३८) पोहण्याच्या पोशाखात त्यांनी गायलेल्या ‘यमुनाजळी खेळू खेळ’ने मोठी खळबळ उडवली. आज त्या प्रसंगात बाईचा मोकळेपणा पाहावा की प्रेक्षकाच्या नजरेची सोय, याचा निकाल सोपा नाही, दोन्ही आहे.

दुसरी रतन साळगावकर, म्हणजे हंसा वाडकर. शाळकरी वयातच त्या कामाला लागल्या. ‘संत सखू’ (१९४१), ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) आणि ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) हे त्यांचे गाजलेले चित्रपट. शेवटच्याचेच नाव त्यांनी आत्मकथनाला दिले. अरुण साधू यांनी शब्दांकन केलेले हे पुस्तक १९७० मध्ये आले. पडद्यावर संत सखू होऊन छळ सोसणाऱ्या या बाईने आपल्या कमाईवर जगणारा नवरा, दारू, मराठवाड्यातल्या एका घरात तिसरी बायको म्हणून कोंडून काढलेले दिवस हे सारे आडपडदा न ठेवता सांगितले. श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ (१९७७) या हिंदी चित्रपटाचा आधार हेच पुस्तक. त्यातील कामासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी आलेल्या जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’मध्ये स्मिता पाटीलच चिंधी झाल्या. गो. नी. दांडेकरांची ही कथा कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकर आदिवासींची. तेव्हा तो जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. पसंत नसलेला नवरा सोडून चिंधी नाग्याला निवडते आणि चित्रपट त्याबद्दल तिला दोष देत नाही. पांढरपेशा घरांतल्या नायिकांना एवढी मोकळीक मराठी पडद्याने क्वचित दिली.

‘वैशाख वणवा’तल्या (१९६४) गाण्यात गोमू होडीतून माहेरी निघते आणि तिच्या घोवाला कोकण दाखवायची विनंती नाखव्याला केली जाते. प्रदेश तिचा, वर्णन पुरुषाच्या गळ्यातून. ती स्वतः काय दाखवील, हे गाणे विचारत नाही. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या चाकरमान्याच्या मागे लावणी, मळणी, गुरे आणि म्हातारी सासू सांभाळत मनिऑर्डरची वाट पाहणारी बाई कोकणात घरोघरी होती. या काळात तिला नायिका केलेले चित्रपट शोधावेच लागतात.