व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला मोठा फ्यूज टाकू नका

जुना व्हॉल्व्हचा (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबचा) रेडिओ किंवा अँप्लिफायर फ्यूज उडवायला लागला की कुणीतरी सांगतंच, "फ्यूज हलका पडतोय, ५ अँपियरचा टाक". साफ चुकीचं आहे हे. ५० वॅटचा सेट २३० व्होल्टवर जेमतेम पाव अँपियर खेचतो, मग ५ अँपियर कशाला? तो फ्यूज वाचतो आणि जळतो ट्रान्सफॉर्मर, जो आता मिळणं मुश्कील.

चालू करतानाचा झटका सोसायला हवा असेल तर स्लो-ब्लो (क्षणभराचा झटका सोसणारा) फ्यूज टाका, पण रेटिंग कंपनीने दिलंय तेच.

आता बिघाड शोधायचा कसा, तर सेट बंद करून रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचं डीसी करणारा) काढा, सिरीज बोर्डवर (ज्यात सेटचा करंट बल्बमधून जातो) ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावून सेट चालू करा (एलईडी नको, त्याने काही कळत नाही). आता बल्ब मंद झाला आणि व्हॉल्व्ह परत लावल्यावर भक्क पेटला, तर बहुतेक रेक्टिफायर तरी शॉर्ट किंवा मोठा फिल्टर कंडेन्सर (डीसी सपाट करणारा) तरी गेलाय. व्हॉल्व्ह काढूनही भक्कच, तर ट्रान्सफॉर्मर किंवा हीटरची (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेची) लाइन बघा. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटला ही युक्ती चालत नाही, तिथे हीटर सगळे सिरीजमध्ये असतात, एक व्हॉल्व्ह काढला की सगळेच बंद. आणि हो, प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ३०० व्होल्ट राहू शकतात, आधी रेझिस्टर लावून ते उतरवा मगच आत हात घाला.