मालकीच्या रानासाठी सामुदायिक राखीव क्षेत्र: पात्रता, कागदपत्रे आणि सही करण्याआधी वाचायचं पोटकलम

मालकीच्या रानात गिधाडांची घरटी आहेत, किंवा गावच्या सामाईक जमिनीतल्या झाडांवर दरवर्षी बगळ्यांचं सारंगागार (एकत्र घरटी करण्याची वसाहत) भरतं, आणि ते राखायची मालकांची इच्छा आहे. जमीन वन विभागाच्या नावावर न करता तिला कायद्याचं संरक्षण मिळवायची सोय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये आहे. २००२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३६-सी, म्हणजे सामुदायिक राखीव क्षेत्र. नावात ‘सामुदायिक’ असलं तरी एकटा मालकही यासाठी पुढे येऊ शकतो.

वन विभाग आपणहून कुणाची जमीन यात ओढू शकत नाही. गावाने किंवा व्यक्तीने स्वेच्छेने तयारी दाखवली, तरच हे कलम लागू होतं. मालकी बदलत नाही, सातबाऱ्यावर नाव तुमचंच राहतं. इथपर्यंत सगळे सांगतात. त्याच कलमातलं तिसरं पोटकलम मात्र सहीच्या आधी वाचायला हवं: अधिसूचना निघाल्यावर जमिनीचा वापर बदलायचा, तर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि त्या ठरावाला राज्य शासनाची मंजुरी, दोन्ही लागतात. हे बंधन किती वर्षांचं, याची मुदत लिहिलेली नाही. उद्या मुलाने तिथे काजू लावायचा किंवा होमस्टे काढायचा म्हटलं, तर कागद मंत्रालयापर्यंत जाणार. अमेरिकेत १९९५ साली नॉर्थ कॅरोलायनात एका दुर्मीळ सुतारपक्ष्यासाठी जमीनमालकांशी करार सुरू झाले; त्यात करारावेळी नोंदवलेल्या मूळ स्थितीपर्यंत परत येण्याची मुभा मालकाला असते. आपल्या कलमात तशी पळवाट ठेवलेली नाही. म्हणून घरात आधी बोलून घ्या.

पात्रतेच्या अटी थोड्या आहेत. जमीन खासगी किंवा समाजाच्या मालकीची हवी आणि ती राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य किंवा संवर्धन राखीव क्षेत्रात आलेली नसावी. गोंधळ होतो तो गायरानात. गावाची गुरं पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरत असली, तरी सातबाऱ्यावर बहुधा शासनाचं नाव असतं. शासकीय जमिनीला कलम ३६-ए लागतं, म्हणजे संवर्धन राखीव क्षेत्र. नाशिकजवळचं बोरगड त्यातलं. देवरायांचंही तसंच. एक देवराई देवस्थानाच्या नावावर, दुसरी महसूलकडे, तिसरी वन विभागाकडे, चौथी चार खोतांच्या वारसांत. आधी उतारा काढा, मग कलम ठरवा.

अर्जाचा ठरलेला छापील नमुना या कलमात नाही. साध्या कागदावर, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावे, आपल्या विभागाच्या उपवनसंरक्षकांमार्फत अर्ज करावा. सोबत सातबारा, आठ-अ, मोजणीचा नकाशा, गट नंबरनिहाय क्षेत्र आणि सर्व मालकांची लेखी संमती जोडा. जमीन सामाईक असेल तर ग्रामसभेचा ठराव हवाच. खासगी असली तरी तो जोडलेला बरा, कारण पुढे समितीत पंचायतीचा माणूस बसणार आहे. चतुःसीमा ओढा, रस्ता, डोंगराची धार अशा खुणांनी लिहा. कायद्यालाही हद्द अशाच ओळखू येणाऱ्या खुणांनी सांगितलेली चालते. कोणता प्राणी-पक्षी, कोणत्या महिन्यात, कुठल्या झाडावर, याची फोटोंसह टिपणं जोडली तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या स्थळपाहणीला जोर येतो.

फाइल अडते ती बहुतेक वेळा संमतीवर. कोकणात तर हमखास. उताऱ्यावर आजोबांचं नाव, ते जाऊन वीस वर्षं झालेली, वारस नोंद नाही, दोन चुलते मुंबईला, एक आत्या कुठे असते ते कुणालाच ठाऊक नाही. अशा जमिनीवर एका भावाने हौसेने केलेला अर्ज टिकणार कसा? आधी तलाठ्याकडे वारस नोंद लावून फेरफार मंजूर करून घ्या. ‘इतर हक्क’ हा रकानाही नीट पाहा. तिथे बँकेचा बोजा किंवा कुळाचं नाव असेल तर ते अर्जात स्वतःहून सांगा; लपवलं तर पाहणीत निघतंच.

पुढचा प्रवास सरकारी आहे. स्थळपाहणीनंतर प्रस्ताव मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. संरक्षित क्षेत्रं निवडण्याबाबत शासनाला सल्ला देण्याचं काम मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य वन्यजीव मंडळाचं आहे, त्यामुळे मंडळाची बैठक कधी भरते यावरही तुमचा वेळ ठरतो. शेवटी राजपत्रात अधिसूचना निघते.

त्यानंतर कारभार समितीचा. सामाईक जमीन असेल तर पंचायतीने नेमलेले किमान पाच प्रतिनिधी आणि वन विभागाचा एक. २०२२ च्या दुरुस्तीनंतर खासगी जमिनीसाठी वेगळी समिती आहे: मालक, वन विभागाचा प्रतिनिधी आणि पंचायतीचा किंवा आदिवासी समाजाचा प्रतिनिधी. व्यवस्थापन आराखडा हीच समिती करते. समितीने निवडलेला अध्यक्ष त्या क्षेत्राचा मानद वन्यजीव रक्षकही असतो. वणवा लावणं, विषारी किंवा स्फोटक पदार्थ वापरणं, हद्दीच्या खुणा हलवणं, प्राण्यांना त्रास देणं याला अभयारण्यासारखीच बंदी येते.

पैशाचं काय? केंद्राच्या वन्यजीव अधिवास विकास योजनेतून अशा क्षेत्रांना मदत मिळू शकते, पण मालकाला दरमहा काही मिळेल ही आशा ठेवू नये. कर्नाटकातलं कोक्करे बेल्लूर मात्र बघण्यासारखं आहे. मंड्या जिल्ह्यातलं हे गाव २००७ मध्ये सामुदायिक राखीव क्षेत्र झालं. तिथे झोळीवाले (पेलिकन) आणि चित्रबलाक हे पक्षी भर वस्तीत, परसातल्या चिंचांवर घरटी करतात. पक्षी बसले की त्या झाडाची चिंच उतरवता येत नाही. हे नुकसान सोसणाऱ्या झाडमालकांना वन विभाग पैसे देतो. तुमच्याकडेही असं मोजता येणारं नुकसान होत असेल, तर भरपाईचा मुद्दा आराखड्यात पहिल्याच वर्षी लिहून घ्या. नंतर तो घुसवणं जड जातं.

जमीन कायमची बांधून घ्यायची नसेल तर हलके पर्यायही आहेत. जैवविविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३७ खाली वारसा स्थळ जाहीर करता येतं. आंबोलीतलं हिरण्यकेशीचं कुंड तिथल्या माशामुळे २०२१ मध्ये तसं जाहीर झालं. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना तर जमिनीचा प्रश्नच नाही. डिसेंबर २०१८ पासून वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून, जाळ्यात सापडलेलं कासव किंवा व्हेल शार्क जाळं कापून सोडणाऱ्याला जास्तीत जास्त २५,००० रुपये भरपाई देतात. त्यासाठी सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात, म्हणून होडीवर चार्ज केलेला मोबाइल ठेवा.