सूर्याने मावळायची जागा बदलली आहे का?

किरणोत्सवात किरणं अंबाबाईच्या मुखापर्यंत पोहोचली नाहीत, कमरेपाशीच लुप्त झाली, अशी बातमी आली की लगेच फोनवर निरोप फिरू लागतात: पृथ्वी कलंडली, सूर्याने जागा सोडली, हा संकेत आहे. कोल्हापूरचं हे देऊळ पश्चिमाभिमुख. परंपरेने ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं गाभाऱ्यात शिरतात आणि देवीच्या चरणांपासून वर चढतात. ही आखणी करणाऱ्यांनी आकाश किती बारकाईने पाहिलं असेल, या विचाराने मला दरवर्षी भरून येतं. म्हणून त्या निरोपांना नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

सूर्य पश्चिमेला मावळतो हे शाळेतलं वाक्य वर्षातून दोनदाच तंतोतंत खरं ठरतं, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान असतात तेव्हा. कोल्हापुरातून पाहिलं तर २१ जूनच्या सुमारास तो पश्चिमेच्या साधारण साडेचोवीस अंश उत्तरेला मावळतो आणि २१ डिसेंबरच्या सुमारास तेवढाच दक्षिणेला. हात ताठ समोर धरला की मूठ साधारण १० अंश झाकते, म्हणजे सूर्याची ही येरझार जवळपास पाच मुठींची. तिचा वेग मात्र सारखा नसतो. झोका टोकाला गेल्यावर थबकतो, तसा डिसेंबरच्या अखेरीस सूर्य आठ-दहा दिवस जागचा हलत नाहीसा वाटतो, आणि मार्चमध्ये रोज सुमारे पाऊण बिंब सरकतो. १० नोव्हेंबर हा डिसेंबरच्या त्या टोकाच्या सुमारे ४१ दिवस आधी येतो आणि १ फेब्रुवारी तितकेच दिवस नंतर. त्यामुळे दोन्ही वेळा सूर्य एकाच जागी, पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला असतो. उत्सव वर्षातून दोनदा येतो तो यामुळेच.

जाता जाता, उत्तरायण संक्रांतीला सुरू होतं हा समजही इथेच तपासता येतो. १४ जानेवारीपर्यंत सूर्य दक्षिण टोकापासून चार बिंबं उत्तरेकडे आलेला असतो. संक्रांत आणि उत्तरायण सुमारे १७०० वर्षांपूर्वी एकत्र येत असत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा घुमतो, त्यामुळे दोघांची फारकत झाली.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. किरणोत्सवाच्या दिवसांत सूर्य रोज ०.३ अंश सरकतो, म्हणजे अर्ध्या बिंबाहून थोडा जास्त. वर्ष ३६५ दिवस, ५ तास आणि सुमारे ४९ मिनिटांचं. कॅलेंडर मात्र ३६५ दिवसच मोजतं. म्हणून पुढच्या वर्षी त्याच तारखेला सूर्य पाव दिवस मागे, सुमारे ०.०७ अंशाने वेगळ्या जागी मावळतो. तीन वर्षांत हा फरक ०.२ अंशांच्या पुढे जातो आणि २९ फेब्रुवारी आली की बहुतेक सगळा भरून निघतो. ‘गेल्या वर्षी याच तारखेला इथे होता’ असं म्हणणाऱ्याचे डोळे चुकत नाहीत, कॅलेंडर चुकत असतं.

आणि पृथ्वी कलंडण्याचं काय? अक्षाचा कल खरोखर कमी होतो आहे, शंभर वर्षांत ०.०१३ अंश. किरणोत्सवाच्या बिंदूवर त्याचा परिणाम शतकभरात ०.०१ अंश होतो, आणि हजार वर्षांत ०.१ अंश. सूर्य एका दिवसात जेवढा सरकतो त्याचा हा तिसरा हिस्सा. २०२३ मध्ये ‘भूजल उपशाने पृथ्वीचा अक्ष ८० सेंटीमीटर सरकला’ ही बातमी गाजली. अभ्यास खरा होता, पण त्यातून सूर्यास्ताचे जे अर्थ लावले गेले ते निखालस खोटे. जमिनीवरचे ८० सेंटीमीटर म्हणजे कोनात एका अंशाचा लाखावा भागही नाही.

मग किरणं अडतात कुठे? सूर्य सरळ खाली उतरत नाही, उतरता उतरता उजवीकडे, उत्तरेकडे झुकतो. कोल्हापूरच्या अक्षांशावर एक अंश खाली येताना तो सुमारे ०.३ अंश उजवीकडे जातो. समजा क्षितिजावर दोन अंश उंचीची इमारत आली, किंवा धूळ-धुक्याच्या थरात तो तेवढा आधीच विरला. मग आपल्याला तो ०.६ अंश डावीकडेच ‘मावळलेला’ दिसणार. दोन दिवसांच्या सरकण्याएवढा हा फरक आहे. शिवाय ती शेवटची, जवळजवळ आडवी किरणंच गाभाऱ्यात सर्वांत उंच पोहोचतात, आणि नेमकी तीच गळतात.

मी गच्चीवर एका फरशीवर उभा राहून कठड्यावर खडूने सूर्यास्ताच्या खुणा करत आलो आहे. १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारीच्या खुणा वर्षानुवर्षं एकमेकींवरच पडत होत्या. गेल्या वर्षी समोरच्या घरावर एक मजला चढला. यंदा १ फेब्रुवारीला सूर्य त्याच्या टाकीमागे गेला आणि माझी खूण दोन बोटं डावीकडे पडली.