शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला येण्याआधी एवढं वाचा

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो,

"फॉर्म मंजूर झालाय, पण पैसे काही आले नाहीत." फेब्रुवारी उजाडला की आमच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. त्याच वर्गातल्या, त्याच योजनेतल्या मैत्रिणीचे पैसे आलेले असतात, म्हणून वाटतं की फॉर्म भरण्यात काहीतरी चूक झाली. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, लॉगिन करून बघितलं तर बहुतेक वेळा फॉर्म बरोबर असतो. चूक असते बँकेकडे, आणि ती फॉर्म भरण्याच्याही आधीची असते. तिच्यासाठीच हे पत्रक छापलं आहे.

आम्ही पहिला प्रश्न विचारतो, "खातं आधारला सीड आहे का?" उत्तर ठरलेलं, "हो, बँकेत आधार लिंक आहे." घोळ इथेच आहे. खातं उघडताना किंवा केवायसीला तुम्ही आधारची झेरॉक्स दिलीत, बँकेने नंबर नोंदवला, हे झालं लिंक. सरकारी पैसे त्या खात्यात यायला ते पुरत नाही. एनपीसीआय या संस्थेकडे एक यादी असते. कोणत्या आधार क्रमांकाचे पैसे कोणत्या बँकेकडे पाठवायचे, एवढंच त्या यादीत असतं. त्या यादीत आपल्या बँकेचं नाव लागणं म्हणजे सीडिंग. एका आधारला एकच बँक. तुमच्या नावाची पाच खाती असली तरी यादीत शेवटी ज्या बँकेने नाव लावलं तिथेच पैसे जातात. शिष्यवृत्ती आधार क्रमांकावरून पाठवली जाते, खाते क्रमांकावरून नाही. म्हणून फॉर्मसोबत पासबुकाची कितीही स्वच्छ प्रत जोडली तरी तिने पैशांची वाट बदलत नाही.

मग पैसे जातात कुठे? आमच्या पाहण्यातली नेहमीची ठिकाणं दोन. एक, शाळेत असताना गणवेशाच्या किंवा शिष्यवृत्तीच्या पैशांसाठी आईसोबत उघडलेलं जुनं खातं. दोन, सिमकार्ड घेताना किंवा कुठल्या तरी कॅम्पमध्ये बोटाचा ठसा देऊन उघडलेलं खातं, जे आपण उघडलंय हेच आठवत नाही. गेल्या वर्षी डिप्लोमाच्या एका मुलीचे पैसे तिच्या आजोळच्या गावातल्या बँकेकडे गेले. पाचवीत असताना ती तिथे राहायची. खातं चालू असेल तर पैसे बुडत नाहीत, तिथे जाऊन काढता येतात. पण दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. अल्पवयीन असताना उघडलेल्या खात्याची केवायसी अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने करावी लागते, तीही राहिलेली असते. मग पैसे परत जातात आणि पुन्हा पाठवले जाण्याची वाट बघत बसावं लागतं. कॉलेजच्या फीची आणि मेसच्या बिलाची तारीख मात्र तेवढं थांबत नाही.

हे तपासायला पाच मिनिटं लागतात. मायआधारच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकून, ओटीपी देऊन लॉगिन केलं की बँक सीडिंगची स्थिती दिसते. तिथे बँकेचं नाव असतं आणि सीडिंग चालू आहे की बंद, तेही कळतं. खाते क्रमांक दिसत नाही, त्यामुळे त्याच बँकेत दोन खाती असतील तर शाखेतच विचारावं लागेल. बँक चुकीची निघाली तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथे जाऊन डीबीटी (सरकारी पैसे थेट खात्यात जमा होणं) सीडिंगचं संमतीपत्र द्यायचं. आधी दुसऱ्या बँकेत सीडिंग असेल तर त्या बँकेचं नाव त्यात लिहायला विसरू नका. खिडकीवर "आधार लिंक करा" म्हणू नका, कारण त्यावर "आधीच लिंक आहे" असं उत्तर मिळतं आणि तुम्ही समाधानाने घरी येता. "एनपीसीआयला डीबीटीसाठी सीडिंग करायचंय" असंच म्हणा. चार-आठ दिवसांनी पुन्हा स्थिती बघा. बँकेचं नाव बदललेलं स्वतः बघितल्याशिवाय काम झालं असं धरू नका.

यामुळेच सीडिंग बघितल्याशिवाय आम्ही फॉर्म भरायला घेत नाही. यावरून काउंटरवर वाद होतात, आम्हाला माहीत आहे. "शेजारच्या दुकानात दहा मिनिटांत भरून देतात" असंही ऐकतो. दहा मिनिटांत फॉर्म आम्हीही भरू शकतो. पण मार्चमध्ये रिकाम्या हाताने परत येणारा मुलगा आम्हालाच बघावा लागतो. शेवटची तारीख आठवड्यावर आली असेल तर मात्र अडवत नाही. फॉर्म भरतो आणि पावतीवर "सीडिंग बाकी" असा शिक्का मारतो. तो शिक्का घरच्यांना दाखवा.

आणखी एक. प्रोफाइलमध्ये मोबाइल नंबर तुमचाच टाकतो, दुकानाचा कधीच नाही. युजरनेम आणि पासवर्ड कार्डावर लिहून तुमच्या हातात देतो. कॉलेजने त्रुटी काढून फॉर्म परत पाठवला तर तो तुमच्या लॉगिनला येतो. ते तुम्ही बघितलं नाही, तर कोणीच बघत नाही.

योजनांबद्दल थोडक्यात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार शिष्यवृत्तीला कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत लागतं. यातला केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली कॉलेजच्या फीची रक्कम तुम्हीच लगेच कॉलेजला भरायची असते. घरात अडचण असते, पैसे खर्च होऊन जातात, आणि निकाल किंवा टीसी अडकल्यावर पळापळ होते. पैसे आले त्याच दिवशी तेवढे बाजूला काढा. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, मर्यादा आठ लाख. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. विकास शुल्क आणि हॉस्टेल यात धरू नका. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी प्रवर्गाप्रमाणे स्वाधार, स्वयंम किंवा सावित्रीबाई फुले आधार योजना बघा. त्यांचा अर्ज वेगळा असतो आणि पुष्कळ मुलं तो भरतच नाहीत, याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, तलाठ्याचा चालत नाही. मुदत ३१ मार्चपर्यंतच असते, म्हणून नवा दाखला एप्रिल-मे महिन्यांत काढून ठेवा. जूनमध्ये सगळा तालुका एकाच वेळी रांगेत असतो.

शिष्यवृत्ती फीच्या तारखेआधी येईल असं गृहीत धरू नका. मोठी फी असेल तर शैक्षणिक कर्जाची चौकशी प्रवेशाच्या वेळीच करा. चार लाखांपर्यंत सहसा स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण आई किंवा वडील सहकर्जदार असतात. बँक त्यांचा सिबिल, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याची नोंद, बघते, म्हणून घरातला जुना थकलेला हप्ता आधी मिटवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीन दोन्ही लागत नाहीत. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलतही आहे. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का, हे आम्ही बघून देतो. शिक्षण संपून आणखी एक वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं. जमेल तसं ते भरत राहिलात तर नोकरी लागल्यावर हप्ता हलका राहतो. आम्ही कर्ज मिळवून देत नाही आणि कोणत्याही बँकेकडून कमिशन घेत नाही. पोर्टलवरचा अर्ज आणि कागदांची फाइल नीट लावून देतो, इतकंच आमचं काम.

सीडिंगची स्थिती बघून देण्याचे पैसे घेत नाही, फॉर्म तुम्ही दुसरीकडे भरला असला तरी. संमतीपत्राचा कोरा नमुनाही मोफत मिळेल. येताना आधारला जोडलेला नंबर ज्या फोनमध्ये आहे तो फोन आणा. वडील शेतावर आणि ओटीपी त्यांच्या फोनवर, असं झालं की फेरी वाया जाते. शक्यतो सकाळी साडेनऊला या, म्हणजे कागद घेऊन त्याच दिवशी बँकेत जाता येईल. दुसरा आणि चौथा शनिवार सोडून.