लडाखमधील शरद ऋतूची अखेर (हवामान)

लडाख हे हिमालयाच्या मुख्य रांगेपलीकडचे शीत वाळवंट. तेथे साधारण मध्य ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत कोरडा, निरभ्र आणि झपाट्याने गारठत जाणारा काळ असतो. महाराष्ट्रात ‘ऑक्टोबर हीट’ने अंगाची लाही होत असते, त्याच दिवसांत लेहमध्ये पहाटेचा पारा शून्याखाली उतरू लागतो. लेहचे (उंची सुमारे ३,५०० मी.) सरासरी कमाल तापमान सप्टेंबरात २१ ते २२° से. असते, ऑक्टोबरात ते १४ ते १५° आणि नोव्हेंबरात ८° च्या आसपास येते. सरासरी किमान तापमान ऑक्टोबरात उणे १° च्या जवळ, तर नोव्हेंबरात उणे ६ ते ७° असते. वर्षभरात लेहला पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मि.मी. पाणी पडते आणि नोव्हेंबर हा त्यातल्या सर्वांत कोरड्या महिन्यांपैकी एक आहे. त्यामुळे निव्वळ लेहपुरता अंदाज सांगायचा तर तो बहुतेक दिवस एकाच वाक्यात संपतो : आकाश स्वच्छ, दिवसा ऊन, रात्री कडाका. खरी उत्सुकता असते ती लेहपासून दूर, लेहला येणारे रस्ते ज्यांतून जातात त्या खिंडींमध्ये काय घडणार याची.

या कोरडेपणाचे कारण पर्वतरांगांच्या मांडणीत आहे. दक्षिणेकडून येणारी मोसमी हवा पीर पंजाल आणि मुख्य हिमालय ओलांडताना आपले बाष्प अलीकडच्या उतारांवरच सांडते. त्यापुढे झांस्कर आणि लडाख या रांगा, उत्तरेला काराकोरम. महाबळेश्वरच्या पलीकडे माण-खटाव कोरडे का राहतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे समजवायला नको. फरक एवढाच की येथे सह्याद्रीच्या जागी पाच-सहा हजार मीटर उंचीच्या भिंती एकामागे एक उभ्या आहेत.

हवा विरळही आहे. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. बाष्प नाही, ढग नाहीत, झाडीही फक्त ओढ्या-नद्यांच्या काठाला. त्यामुळे सूर्य मावळताच जमीन दिवसभराची उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकून देते. दिवस-रात्रीच्या तापमानात १५ अंशांचा फरक ही नेहमीची गोष्ट. थंड हवा जड असल्याने रात्री ती उतारांवरून घसरत दरीच्या तळाशी साचते आणि पहाटे कधी कधी नदीकाठचे गाव वरच्या उतारावरल्या वस्तीपेक्षा जास्त गारठलेले असते. दुपारी उलट होते : उतार तापतात, हवा वर चढू लागते आणि दरीत बोचरा वारा सुटतो. लेहच्या विमानतळावरची बहुतेक प्रवासी विमाने सकाळीच ये-जा करतात याचे एक कारण हा दुपारचा वारा.

माणूस उन्हात बसून पाय सावलीत ठेवील तर त्याला उष्माघात आणि हिमदंश एकदमच होईल, असे लडाखबद्दल गमतीने म्हटले जाते. अतिशयोक्ती सोडली तर त्यामागचे भौतिकशास्त्र बरोबर आहे. हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या, जाळीदार पेटीतल्या तापमापकाचा असतो. ८° म्हणजे ८° हवेचे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीपाशी बसलेल्या म्हाताऱ्यांना भर नोव्हेंबरात स्वेटर सैल करावासा वाटतो आणि त्याच घरामागच्या बोळात सांडलेले पाणी दिवसभर काचेसारखे गोठून राहते. म्हणूनच अलीकडच्या लडाखी घरांना दक्षिण बाजूला काचेची खोली काढलेली दिसते. थंडी सुरू झाली की कुटुंबाचा दिवस तेथेच जातो.

‘लडाखचे हवामान’ असे एकवचनी बोलणे मात्र फसवे आहे. कारगिल सुमारे २,७०० मीटरवर, त्यामुळे सौम्य. नुब्रा खोरेही लेहपेक्षा खाली असल्याने तेथील पानगळ जरा उशिरा होते आणि हुंदरच्या वाळूच्या टेकड्यांमागे पॉप्लर आणि वाळुंजीची पिवळी पाने ऑक्टोबरच्या उत्तरार्धातही पाहायला मिळतात. द्रास लेहपेक्षा किंचित खालीच आहे, पण ते झोजीला या खिंडीच्या तोंडाशी असल्यामुळे काश्मीरकडून घुसणारी ओली हवा आधी त्याच्या वाट्याला येते. तेथे लेहच्या कितीतरी पट बर्फ पडतो आणि थंडीही अधिक असते. पूर्वेला चांगथांगचे पठार ४,२०० मीटरच्या वर. तेथे नोव्हेंबरात उणे १५° ची रात्र अचंबा वाटावा अशी नसते. लहान पाणथळ जागा गोठतात आणि काळ्या मानेचे करकोचे उन्हाळी मुक्काम हलवतात. चांगपा पशुपालक आपल्या पश्मिना शेळ्या घेऊन हिवाळी कुरणांकडे सरकतात. त्यांना नुसत्या थंडीची भीती नसते. अवेळी पडून न वितळणारा बर्फ आणि त्याखाली गाडले गेलेले गवत यांची असते.

याच पठारावर हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयीन चंद्रा दुर्बीण आहे. पावसाळी ढग सरलेले, कडाक्याचा हिवाळा अजून यायचा, हवा कोरडी. आकाशनिरीक्षणाला याहून चांगले आठवडे भारतात क्वचितच मिळतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या ‘मेस’ या गॅमा किरण दुर्बिणीचे उद्घाटनही येथेच ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले.

या सगळ्या स्थैर्याला धक्का देतो तो पश्चिमी झंझावात. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात मोसमी वारे माघारी फिरतात आणि उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वेगवान वायुझोत हिमालयाच्या दक्षिणेला सरकतो. भूमध्य समुद्राच्या परिसरात तयार झालेले कमी दाबाचे पट्टे या झोतासोबत इराण, अफगाणिस्तान ओलांडून येतात. त्यांचा खरा हंगाम डिसेंबर ते मार्च. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते विरळ आणि बहुधा दुबळे असतात : लेहवर पांढरे विरळ ढग, शिखरांवर पिठासारखा बर्फ, दोन दिवसांनी पुन्हा ऊन. पण एखादा जोरदार निघाला की हिशेब चुकतो. नोव्हेंबर २०१९ च्या पहिल्या आठवड्यात काश्मीर खोऱ्यात झालेल्या अवकाळी हिमवर्षावाने सफरचंदाच्या बागा मोडल्या आणि डोंगरी रस्ते अडवले.

अंदाज वर्तवणाऱ्याची कसोटी येथे लागते. झंझावात येणार हे संगणकीय प्रारूपांत चार-पाच दिवस आधी दिसते. पण बर्फ झोजीलापाशी थांबणार की लेहपर्यंत पोचणार, हे त्या पट्ट्याची खोली, बाष्पाचा पुरवठा आणि वाऱ्याची दिशा यांवर ठरते. त्यात दरी-डोंगरांचा हा प्रदेश एवढा चिरफाळलेला की पंधरा किलोमीटरवर हवामान बदलते आणि निरीक्षण केंद्रे मोजकीच. भारतीय हवामान खात्याने २०२० च्या अखेरीस लेहला स्वतंत्र हवामान केंद्र सुरू केले, त्याने ही उणीव थोडी भरून निघाली. संपूर्ण हंगामाचा अंदाज हा संभाव्यतेचाच असतो. एल निनोच्या वर्षी वायव्य भारतात हिवाळी हिमवृष्टी जरा जास्त होण्याकडे कल दिसतो, पण त्यावरून नोव्हेंबरच्या अमुक तारखेला खिंड बंद होईल असे कोणी सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

आणि लोकांना हवी असते ती तारीखच. श्रीनगर-लेह रस्ता झोजीलातून (सुमारे ३,५३० मी.) जातो. मनाली-लेह रस्ता बारालाचा ला आणि ५,३०० मीटरहून उंच तांगलांग ला ओलांडतो. २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यावर रोहतांगचा अडसर गेला, पण पुढच्या खिंडी तशाच राहिल्या. उंची कमी असूनही झोजीला अधिक बेभरवशाचा, कारण ओलावा तेथे आधी पोचतो. १९४८ साली या तारखेशी पाकिस्तानविरुद्धचे युद्धच जोडले गेले होते. लेहचा रस्ता हिवाळ्याआधी मोकळा झाला नसता तर लडाख हातचे गेले असते. खराब हवेमुळे लांबलेला भारतीय सैन्याचा हल्ला अखेर १ नोव्हेंबरला झाला आणि ७ व्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे झोजीलावर चढले. तेथून द्रास आणि मग कारगिल घेईपर्यंत महिना सरत आला होता. १८ नोव्हेंबर १९६२ ला चुशूलजवळ रेझांग ला येथे कुमाऊं रेजिमेंटच्या १३ व्या बटालियनची तुकडी चिनी सैन्याशी लढली ती याच ऋतूत, शत्रूइतकीच थंडीही अंगावर घेत.

पूर्वी झोजीला डिसेंबरच्या सुमारास मिटला की थेट एप्रिल-मेमध्ये उघडे. सीमा रस्ते संघटनेच्या यंत्रांनी हा काळ फार आवळत आणला आहे. २०२५ मध्ये तो ३२ दिवसांच्या बंदीनंतर १ एप्रिलला खुला झाला. खिंडीखालून सुमारे १३ किलोमीटरच्या बोगद्याचे काम चालू आहे. तरीही ऑक्टोबर उजाडला की लेहच्या बाजारात साठवणीची घाई दिसते. बटाटे, गाजर, सलगम, कोबी जमिनीखालच्या खड्ड्यांत आणि तळघरांत जातात, पालेभाज्या आणि जर्दाळू छतावर वाळलेले असतात, बुखारीसाठी (खोली तापवणाऱ्या शेगडीसाठी) लाकूड आणि शेण्या रचल्या जातात. साधे डिझेल कडक थंडीत मेणासारखे घट्ट होते. त्यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ पासून उणे ३३° पर्यंत प्रवाही राहणारे डिझेल येथे आणले. नळ गोठू लागले की पाणी हातपंपावरून किंवा टँकरने. दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांनी खोलीचे आरक्षण करताना ऊब आणि पाणी कसे मिळणार हे आधी विचारावे. पुष्कळ हॉटेले ऑक्टोबरअखेर कुलूप लावतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या ऋतूत एक विचित्र गोष्ट घडते. सातूची कापणी-मळणी सप्टेंबर-ऑक्टोबरात आटोपलेली असते, शेतांना पाणी नको असते आणि ओढे मात्र अजून वाहत असतात. हेच पाणी एप्रिल-मेमध्ये पेरणीच्या वेळी मिळत नाही, कारण वरच्या हिमनद्या तोवर वितळायला लागलेल्या नसतात. चेवांग नोर्फेल या अभियंत्यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून यावर उपाय केला : ओढ्याचे पाणी दरीच्या सावलीच्या बाजूला वळवायचे, दगडी बांधांनी त्याचा वेग मारायचा आणि रात्रीच्या थंडीत ते थरांवर थर गोठू द्यायचे. गावाजवळ आणि कमी उंचीवर असल्याने हा बर्फ खऱ्या हिमनदीच्या आधी, नेमका पेरणीला वितळतो. सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३-१४ पासून याचेच उभे रूप, ‘हिमस्तूप’, करून पाहिले. उंचावरून नळाने आणलेले पाणी स्वतःच्या दाबाने कारंज्यासारखे उडते आणि शंकूच्या आकारात गोठते. आकारमानाच्या मानाने उन्हाला कमी पृष्ठभाग मिळत असल्याने तो जास्त टिकतो. दोन्ही पद्धतींना हवे तेच : रात्री शून्याच्या बऱ्याच खाली, पण ओढा वाहता. थंडी उशिरा आली तर बर्फ धरत नाही, एकदम कडाका पडला तर नळच आतून गोठून फुटतात. गावकरी नोव्हेंबरात किमान तापमानाकडे डोळे लावून बसतात ते यासाठी.