टप उघडणारी जुनी गाडी: चमकवलेली की पुन्हा उभी केलेली?

जुनी कन्व्हर्टिबल विकायला निघाली की जाहिरातीत 'रिस्टोअर केलेली' हे शब्द हमखास असतात. पण त्यामागे दोन अगदी वेगळी कामे असू शकतात. एकात डेंटिंग-पेंटिंग होते, सीटना नवी कव्हरे, क्रोमला पॉलिश आणि वर नवा कापडी टप. दुसऱ्यात गाडी शेवटच्या बोल्टपर्यंत सुटी होते, कुजलेला पत्रा कापून निघतो, सांगाडा मापात आणला जातो आणि मग ती पुन्हा जोडली जाते. फोटोत दोन्ही सारख्याच देखण्या दिसतात. खर्च मात्र कित्येक पटींनी वेगळा, आणि दोन-चार पावसाळ्यांनंतरची अवस्थाही.

बंद गाडीतही हा फरक असतो, पण टप उघडणाऱ्या गाडीत तो जिवावर बेततो. मोनोकॉक रचनेच्या, म्हणजे वेगळी चॅसिस नसून बॉडीच सांगाड्याचे काम करते अशा बंद गाडीत छतसुद्धा भार उचलते. चपलांच्या खोक्याचे झाकण काढा आणि खोके पिळून पाहा, छत नसलेल्या गाडीचे दुखणे लगेच हाताला कळेल. ही उणीव भरून काढायची ती तळातून. दारांखालचा उंबरठा, म्हणजे गॅरेजच्या भाषेतले सिल, अशा गाडीत मणक्याचे काम करते. १९६२ साली आलेल्या एमजीबी रोडस्टरमध्ये हे सिल पत्र्याच्या अनेक थरांचे, आतून पोकळ पेटीसारखे आहे. साठच्या दशकातल्या फोर्ड मस्टँगच्या कन्व्हर्टिबलला तळाशी जास्तीचा पत्रा दिलेला असतो. छताचा पत्रा नसूनही ती त्याच मॉडेलच्या बंद गाडीपेक्षा वजनाने जास्त भरते, ती यामुळेच.

आणि पाणी साचते तेही नेमके तिथेच. टपाच्या शिवणीतून, दाराच्या रबरांतून झिरपलेले पाणी कार्पेटखाली मुरते आणि पोकळ सिलमध्ये उतरते. निचऱ्याची भोके मातीने बुजली की ते आतच राहते. गंज आतून बाहेर खात येतो, म्हणून बाहेरच्या रंगावर फुगवटा दिसेपर्यंत आतले थर बहुधा गेलेले असतात.

चमकवणारा हा फुगवटा घासतो, वर पट्टी मारतो किंवा पुट्टी भरतो आणि रंग देतो. सांगाडा धड असेल तर केवळ रंगकाम करण्यात काहीच वावगे नाही. ते काम स्वस्त आहे, लवकर होते आणि गाडी रस्त्यावर राहते. माझा राग आहे तो कुजलेल्या सिलवर पुट्टी चोपडून तिला रिस्टोरेशन म्हणण्यावर. त्या गाडीत माणसे बसणार असतात.

खऱ्या कामात पहिला कट मारण्याआधीच दाराच्या चौकटीत आडव्या पट्ट्या वेल्ड करून बॉडी जखडतात, नाहीतर सिल कापताक्षणी गाडी मध्यातून खचते. एका वेळी एकच बाजू उघडायची. नवे सिल आधी नुसते टाचायचे, दार बसवायचे, फटी मोजायच्या, दार काढायचे, सिल सरकवायचे, दार पुन्हा बसवायचे. हे सारे जुळल्यावरच पक्के वेल्डिंग. घाई झाली तर बॉडी वाकलेल्या आकारातच पक्की होते आणि सगळे पुन्हा कापावे लागते. बिल फुगते ते या तासांनी, सुट्या भागांनी त्यामानाने कमी. काही गाड्यांचे नशीब चांगले. एमजीबीसाठी १९८८ पासून जुन्या साच्यांवर नवे अख्खे बॉडीशेल, म्हणजे बॉडीचा पत्र्याचा पूर्ण सांगाडा, बनू लागले, त्यामुळे फारच कुजलेल्या गाडीला ठिगळे लावण्यापेक्षा नवे शेल परवडू शकते. दुर्मीळ गाडीला ही सोय नाही, तिथे पत्रा हातानेच ठोकून घडवायचा. अशा कामाचा एकूण खर्च तयार गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त होणे मुळीच नवलाचे नाही.

ट्रायम्फ टीआर६ सारख्या वेगळी चॅसिस असलेल्या गाडीत मुख्य भार चॅसिसवर असतो, म्हणून तिथे आधी चॅसिसचा गंज पाहायचा.

टपाच्या बाबतीतही हीच गल्लत होते. कापड किंवा व्हायनिल बदलणे सोपे वाटते, पण खाली घडीचा सांगाडा वाकलेला असेल तर नवे कापडही गळते. शिवाय टपाची कड काच आणि दाराशी जुळायला हवी, आणि दार जुळते ते सिल सरळ असेल तेव्हाच. म्हणून नीट केलेल्या गाडीत टप अगदी शेवटी बसतो. चमकवलेल्या गाडीत तो बहुतेक वेळा सगळ्यात आधी येतो, कारण नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

ओळखायचे कसे? आधी दाराच्या मागच्या फटीकडे पाहा. ती वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मध्यातून खचली आहे. मग जॅकच्या ठरलेल्या जागेवरून गाडी किंचित उचला आणि दार उघडून मिटून पाहा. ते अडकू लागले तर सिल भार घेत नाही. कापडात गुंडाळलेले लोहचुंबक सिलवरून फिरवा, जाड पुट्टीवर ते धरत नाही. फक्त बाकी पॅनेलवर फिरवताना ते कशाचे आहे हे माहीत असू द्या. सुरुवातीच्या एमजीबींचे बॉनेटच अल्युमिनियमचे होते, तिथे चुंबक न चिकटण्याचा अर्थ वेगळा. कार्पेट उचला, हात फिरवा, ओल लागते का बघा. शेवटी मालकाकडे काम चालू असतानाचे फोटो मागा: रंग उतरवलेली बॉडी, कापलेले सिल, दारात वेल्ड केलेल्या आडव्या पट्ट्या. ज्याने खरोखर गाडी पुन्हा उभी केली आहे, तो हे फोटो दाखवायला तुमच्यापेक्षा जास्त उतावीळ असतो.