अमेरिकेत गायनॅक रेसिडेन्सी: अर्ज, कागदपत्रं आणि प्रोग्रामचं ‘नाव’ तपासायची रीत

अमेरिकेत स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्राची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात राबून घ्यायचं विशेष प्रशिक्षण, चार वर्षांची. तिचा अर्ज आता बहुतेक शाखांसारखा ‘ईरास’ या सामाईक ऑनलाइन पोर्टलवर भरत नाहीत. २०२४-२५च्या फेरीपासून या शाखेने ‘रेसिडेन्सीकॅस’ हे वेगळं पोर्टल घेतलं. जुन्या सीनियर्सनी दिलेल्या माहितीत पहिली चूक इथेच निघते, म्हणून आधी सांगितलं. मॅच, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्राम यांच्या पसंतीक्रमांवरून जागा ठरवणारी प्रक्रिया, मात्र पूर्वीसारखी एनआरएमपी या संस्थेचीच आहे आणि तिथली नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते.

पात्रता

भारतातून एमबीबीएस केलेल्यांसाठी ईसीएफएमजी या, परदेशी वैद्यकीय पदवीधरांची पात्रता तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र हा पाया. त्यासाठी यूएसएमएलई या अमेरिकन वैद्यकीय परवाना परीक्षेची स्टेप १ आणि स्टेप २ सीके, डॉक्टरांसाठीची ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, आणि क्लिनिकल कौशल्यासाठी ठरवून दिलेल्या ‘पाथवे’पैकी तुम्हाला लागू होणारा एक. स्टेप २ सीएस ही क्लिनिकल कौशल्याची प्रत्यक्ष परीक्षा २०२१मध्ये बंद झाली, तिच्या जागी हे पाथवे आले. तुमचं कॉलेज वैद्यकीय महाविद्यालयांच्या वर्ल्ड डिरेक्टरीत ईसीएफएमजीच्या नोंदीसह आहे का, ते फी भरण्याआधी पाहा. प्रमाणपत्राला लागणाऱ्या परीक्षा रँक लिस्टच्या (प्रोग्रामच्या पसंतीक्रमाच्या यादीच्या) मुदतीच्या आत पास झालेल्या हव्यात, नाहीतर नाव मॅचमधून बाहेर पडतं.

जानेवारी २०२२पासून स्टेप १ला फक्त पास किंवा नापास, त्यामुळे आकड्यांचा सगळा भार स्टेप २ सीकेवर आला आहे. स्टेप ३ अर्जाला लागत नाही, पण एच-१बी हा नोकरीचा व्हिसा हवा असेल तर लागते. जे-१ या एक्सचेंज व्हिसाला ती नको, मात्र प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट येते.

कागदपत्रं

डीनचं पत्र म्हणजे एमएसपीई, कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट, यूएसएमएलईचं ट्रान्सक्रिप्ट, पर्सनल स्टेटमेंट, अनुभवांची नोंद, फोटो. हे सगळे जमवतातच. अडतं ते शिफारसपत्रांवर. या शाखेत ‘स्लो’ नावाचा ठरलेला नमुना चालतो. त्यात ‘अत्यंत मेहनती विद्यार्थिनी’ छापाची स्तुती पुरत नाही. लिहिणाऱ्याला तुम्हाला ठरलेल्या मुद्द्यांवर तोलावं लागतं, आणि किती जवळून काम पाहिलं तेही उघड होतं. विभागप्रमुखांच्या घाईतल्या सहीपेक्षा, ज्यांच्यासोबत महिनाभर लेबर रूममध्ये उभे राहिलात त्या असोसिएट प्रोफेसरांचं पत्र माझ्या मते जास्त वजनाचं.

सिग्नल, आणि ‘नाव’ म्हणजे नक्की काय

अर्जासोबत १८ सिग्नल, म्हणजे ठरावीक प्रोग्रामना आपली खास पसंती कळवायच्या खुणा, मिळतात: ३ गोल्ड, १५ सिल्व्हर. गोल्ड म्हणजे ‘मला खरंच तुमच्याकडेच यायचंय’. तीनच आहेत, म्हणून ‘टॉप प्रोग्राम कोणते’ हा प्रश्न गप्पांपुरता राहत नाही.

डॉक्सिमिटी या डॉक्टरांच्या संकेतस्थळावरची प्रोग्रामची यादी सगळे उघडतात. तिच्यातलं प्रतिष्ठेचं स्थान मुख्यतः डॉक्टरांनी सुचवलेल्या नावांवर ठरतं. साहजिकच जुनी, मोठी, भरपूर माजी रेसिडेंट असलेली विद्यापीठं वर दिसतात. यादी खोटी नाही. पण तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटच्या हातात सुरी असते की नुसता जखम उघडी धरायचा रिट्रॅक्टर, हे ती सांगत नाही.

ते कळतं केस लॉगवरून, म्हणजे रेसिडेंटने केलेल्या प्रसूती-शस्त्रक्रियांच्या नोंदीवरून. प्रोग्रामना मान्यता देणाऱ्या एसीजीएमई या संस्थेने रेसिडेन्सी पूर्ण करण्यासाठी किमान आकडे ठरवलेत: सामान्य प्रसूती २००, सिझेरियन १४५, फोर्सेप्स-व्हॅक्यूमच्या १५, योनीमार्गे हिस्टरेक्टमी (गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया) १५. सिझेरियनचा आकडा बहुतेक ठिकाणी सहज ओलांडला जातो, त्याच्यावरून काही ठरवू नका. योनीमार्गे हिस्टरेक्टमी विचारा, कारण लॅप्रोस्कोपी आणि रोबोटमुळे ती सगळीकडेच कमी झाली आहे. मुलाखतीत सरळ विचारावं: ‘मागच्या बॅचची सरासरी किती, आणि त्यात मुख्य सर्जन म्हणून किती?’ उत्तर ‘आमचे सगळे किमान पूर्ण करतात’ एवढंच आलं, तर समजून घ्या. गायनॅक-ऑन्कोचे (स्त्रियांच्या कर्करोगाचे) फेलो, म्हणजे रेसिडेन्सीनंतर पुढचं प्रशिक्षण घेणारे डॉक्टर, असलेल्या नावाजलेल्या संस्थेत रोबोटच्या कन्सोलवर फेलोच बसलेला असण्याची शक्यता असते. फेलो नसलेल्या साध्या कम्युनिटी हॉस्पिटलात तीच जागा तुम्हाला मिळू शकते. उलट पुढे फेलोशिप करायची असेल, तर त्याच फेलोंचा विभाग आणि त्यांच्या गाईडचं पत्र कामी येतं.

एकाच ठिकाणाच्या ‘नावा’ला दोन बाजू कशा असतात, त्याला डॅलसचं पार्कलँड हॉस्पिटल चांगलं उदाहरण आहे. यूटी साउथवेस्टर्नचे रेसिडेंट तिथे शिकतात, वर्षाला १०,०००हून जास्त प्रसूती होतात. प्रसूतिशास्त्र शिकायला याहून गजबजलेली जागा शोधावी लागेल. पण ते टेक्सासमध्ये आहे. गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२२च्या डॉब्ज निकालानंतर तिथे गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. एसीजीएमईचा नियम असा की बंदीच्या राज्यातल्या प्रोग्रामने हे प्रशिक्षण जिथे कायदेशीर आहे तिथे मिळण्याची सोय करावी. धार्मिक किंवा नैतिक कारणाने रेसिडेंट ते नाकारू शकतो. तेव्हा अशा राज्यांतल्या कुठल्याही प्रोग्रामला विचारायचं: कुठे पाठवता, किती आठवडे, राहण्याचा खर्च कोणाचा? उत्तर तयार असेल तर व्यवस्था खरी आहे.

एक तपासणी पाच मिनिटांची. एसीजीएमईच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रोग्रामची मान्यता दिसते. शेऱ्यात ‘वॉर्निंग’ किंवा ‘प्रोबेशन’ असेल तर गोल्ड सिग्नल देण्याआधी कारण शोधा. भारतातून जाणाऱ्यांनी व्हिसा कोणता देतात हेही त्याच वेळी बघावं. व्हिसाच न देणाऱ्या प्रोग्रामवर गोल्ड वाया घालवलेले लोक दरवर्षी भेटतात.

रँक लिस्ट आणि नंतर

लिस्ट स्वतःच्या पसंतीच्या क्रमानेच लावा. ‘ते आपल्याला घेतील का’ असा अंदाज बांधून खाली-वर करण्याने फायदा होत नाही, कारण मॅचचं गणित उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होतं. लिस्ट ‘सर्टिफाय’ करायला विसरू नका; नुसती सेव्ह केलेली धरत नाहीत. मॅच लागली की नाही ते मार्चमधल्या मॅच वीकच्या सोमवारी कळतं, कुठे लागली ते शुक्रवारी. न लागलेल्या पात्र उमेदवारांसाठी त्याच आठवड्यात उरलेल्या जागांची ‘सोप’ फेरी असते. जे-१वर जाणाऱ्यांना भारताच्या आरोग्य मंत्रालयाकडून ‘स्टेटमेंट ऑफ नीड’ (या प्रशिक्षणाची देशाला गरज असल्याचं पत्र) काढावं लागतं. रेसिडेन्सी जून-जुलैत सुरू होते, तेव्हा त्या अर्जाची तयारी मॅचच्या आधीच करून ठेवा.